मेट्रो ३ ला फास्ट-स्लो नाही, मग वेळेचा हिशोब कसा धरायचा?

घाटकोपरवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो आता पूर्ण मार्गावर धावते आहे. लोकलचं गणित आम्हाला पाठ आहे: इंडिकेटरवर फास्ट की स्लो बघायचं, बारा डबे की पंधरा बघायचं आणि चढायचं. मेट्रो ३ चं तसं गणित बसत नाही. तीन प्रवास आहेत, जाणकारांनी मार्ग सांगावा.

१. घाटकोपर ते मंत्रालय, रोज, सकाळी पावणेदहाला पोचायचं. मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जाऊन तिथून मेट्रो ३ धरायची, की लोकलच बरी?
२. गावाकडून आई-वडील मेलगाडीने मुंबई सेंट्रलला उतरणार, तिथून मरोळला बहिणीकडे जाणार. वडिलांना जिने जमत नाहीत. मेट्रोच्या नकाशावर मुंबई सेंट्रल नावाचं स्टेशनच सापडलं नाही.
३. गिरगावातून रात्री दोनचं आंतरराष्ट्रीय विमान. सहार रोडला उतरायचं ना? शेवटची गाडी किती वाजता?

आणि एक मूळ शंका. २७ स्टेशनं आहेत, तर ऑफिसच्या वेळेला काही स्टेशनं गाळून जाणारी गाडी का सोडत नाहीत?

---

रूळमित्र

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली की बाकी सगळं सोपं होतं.

मेट्रो ३ वर प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनला थांबते. मार्ग ३३.५ किलोमीटरचा, स्टेशनं २७. त्यातली २६ जमिनीखाली, फक्त आरे जेव्हीएलआर जमिनीवर. रूळ दोनच: एक जायचा, एक यायचा. पश्चिम रेल्वेवर फास्ट गाडी स्लोला मागे टाकते, कारण चर्चगेट-बोरिवलीमध्ये फास्टचे दोन आणि स्लोचे दोन असे वेगळे रूळ आहेत. बोगद्यात तिसरा-चौथा रूळ घालायचा म्हणजे आणखी बोगदे खणायचे आणि स्टेशनं दुप्पट रुंद करायची. काळबादेवी-गिरगावच्या रस्त्यांखाली तेवढी जागाच नाही.

आता कोणी म्हणेल, मागे टाकू नका, नुसती काही स्टेशनं गाळा. हिशोब करून पाहा. एक स्टेशन गाळलं की गाडीचा साधारण एक मिनिट वाचतो: अर्धा मिनिट थांबा, अर्धा मिनिट ब्रेक मारून पुन्हा वेग घेण्यात जातो. पुढची गाडी पाच मिनिटं आधी सुटलेली आहे आणि ती सगळीकडे थांबते आहे. म्हणजे चार स्टेशनं गाळली की तुमची गाडी पुढच्या गाडीच्या शेपटाला येऊन चिकटली. २७ पैकी चारच स्टेशनं गाळायची आणि त्या चार ठिकाणच्या लोकांना पाचऐवजी दहा मिनिटं ताटकळत ठेवायचं. हा सौदा तोट्याचा आहे.

सगळ्या गाड्या सारख्या असल्याचा फायदा मात्र मोठा आहे. घरबसल्या वेळ काढता येतो. टोकापासून टोकापर्यंत पंचावन्न ते साठ मिनिटं लागतात आणि मधे २६ टप्पे आहेत, म्हणजे टप्प्याला दोन मिनिटांहून थोडं जास्त. जितकी स्टेशनं पुढे जायचं त्याची दुप्पट करा आणि वर दोन-तीन मिनिटं धरा. दक्षिणेत चर्चगेट-हुतात्मा चौकासारखे टप्पे छोटे आहेत, मिठी नदीखालून जाणारा बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल)-धारावी टप्पा लांब आहे. पण पाच-सहा स्टेशनांच्या पुढे ही ठोकताळ्याची रीत चुकत नाही.

पहिला प्रवास याच रीतीने बघा. मरोळ नाक्यापासून विधान भवन बाविसावं स्टेशन, म्हणजे सत्तेचाळीस मिनिटं. त्याआधी घाटकोपर ते मरोळ नाका मेट्रो १ ने चार स्टेशनं, नऊ मिनिटं. बदलायला दहा. दोन्हीकडे गाडीची वाट बघणं धरलं तर सव्वा तास झाला. त्याऐवजी घाटकोपरहून फास्ट लोकलने सीएसएमटी, साधारण अर्धा तास. तिथे भुयारी मेट्रोत उतरा: हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन. तिसरं स्टेशन, सात-आठ मिनिटं. अंतर तीन किलोमीटरच्या आत असल्यामुळे तिकीट दहा रुपये. चालणं आणि वाट बघणं धरून पन्नास-पंचावन्न मिनिटांत मंत्रालय. तुमच्या घरून मेट्रो ३ चा खरा उपयोग सीएसएमटीच्या पुढे आहे, मरोळच्या बाजूने नाही.

---

मरोळकर

रूळमित्रांचा हिशोब बरोबर आहे. मरोळ नाक्याच्या बदलाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि लोकांना वाटतं की फलाट ओलांडला की झालं.

मेट्रो १ खांबांवर आहे, मेट्रो ३ खोल जमिनीखाली. दोन्ही स्टेशनं पादचारी पुलाने जोडली आहेत, पण चालवणाऱ्या संस्था वेगळ्या, फाटकं वेगळी. क्रम असा: मेट्रो १ च्या फाटकातून बाहेर, पुलावरून पलीकडे, मेट्रो ३ ला पुन्हा बॅग तपासणी, पुन्हा फाटक, मग तिकीट मजल्यावरून खाली फलाटावर. उंचावरून थेट तळघरात जायचं आहे. एकटा माणूस आठ मिनिटांत करतो. मोठी बॅग, लहान मूल किंवा गुडघेदुखी असेल तर पंधरा मिनिटं धरा आणि लिफ्टच्या खुणांमागून चला. सरकत्या जिन्यांच्या मागे लागलं तर लिफ्ट भलत्याच टोकाला राहते.

तिकिटाचं: मेट्रो १ चं तिकीट मेट्रो ३ च्या फाटकावर चालत नाही. मुंबई वन ॲपवर दोन्हींची तिकिटं एकाच वेळी काढता येतात, ते सोयीचं. मेट्रो ३ पुरतं हवं असेल तर मेट्रोकनेक्ट३ ॲप, खिडकीवरचं क्यूआर तिकीट किंवा एनसीएमसी कार्ड (वेगवेगळ्या वाहतूक सेवांवर चालणारं पैसे भरायचं कार्ड). मोबाईलवरचं तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढून ठेवा. जमिनीखाली मोबाईलची रेंज सगळीकडे सारखी मिळत नाही आणि फाटकासमोर पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं की मागे रांग वाढते. रोजच्या माणसाने कार्डच घ्यावं.

---

फोर्टवाली

दुसऱ्या प्रवासाबद्दल. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्टेशनचं नाव जगन्नाथ शंकर शेठ आहे, म्हणून तुम्हाला नकाशावर सापडलं नाही. आई-वडिलांना हे नाव कागदावर लिहून द्या. पण खबरदारी घ्या: गिरगावातून जाणाऱ्या रस्त्याचं नावही जगन्नाथ शंकरशेठ मार्गच आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं हे नाव सांगितलं तर तो गिरगावात नेऊन सोडेल. "मुंबई सेंट्रलचं मेट्रो स्टेशन" असंच सांगायचं.

तिथून मरोळ नाका थेट आहे, कुठेही बदल नाही. फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन "आरे जेव्हीएलआर" असेल ती गाडी. पंधरावं स्टेशन, तेहेतीस मिनिटांच्या आसपास. लिफ्ट प्रत्येक स्टेशनला आहे, पण रस्त्यावरच्या प्रत्येक प्रवेशद्वाराला नाही. खांबावर लिफ्टची खूण असलेलंच दार शोधा. लिफ्टही एका दमात फलाटापर्यंत नेत नाही: रस्त्यापासून तिकीट मजला, फाटक, मग दुसरी लिफ्ट फलाटाला. वयस्कर माणसांना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पहिल्या लिफ्टमधून बाहेर आल्यावर फलाट कुठे गेला म्हणून गोंधळतात.

तिसऱ्या प्रवासात सहार रोडला उतरू नका. जुने मुंबईकर आंतरराष्ट्रीय विमानतळाला सहार म्हणतात, म्हणून ही चूक अगदी सहज होते. दक्षिणेकडून जाताना क्रम असा लागतो: सांताक्रूझ, विमानतळ टी१, सहार रोड, विमानतळ टी२. तुमचं आंतरराष्ट्रीय विमान टी२ (टर्मिनल २) वरून सुटतं, म्हणजे सहार रोडच्या पुढचं स्टेशन. टी१ आणि टी२ यांच्यामध्ये अख्खं एक स्टेशन आहे. चुकीच्या ठिकाणी उतरून बाहेर पडलात तर पुन्हा तिकीट, पुन्हा तपासणी, पुन्हा गाडीची वाट. बॅगा घेऊन वीस मिनिटं सहज गेली. आणि मेट्रो १ वर "एअरपोर्ट रोड" नावाचं स्टेशन आहे, त्याचा विमानतळाच्या दाराशी काही संबंध नाही.

शेवटची गाडी दोन्ही टोकांहून रात्री साडेदहाला सुटते. कफ परेडहून गिरगाव सहावं स्टेशन, म्हणजे ती तुम्हाला पावणेअकराच्या थोडी आधी मिळेल आणि टी२ ला सव्वाअकराच्या सुमारास सोडेल. दोनच्या विमानाला ही गाडी कशीबशी चालते, पण शेवटच्या गाडीच्या भरवशावर विमान धरू नये. ती हुकली तर मागे काहीच नाही. पावणेदहाची गाडी धरा. फलाटापासून विमानतळाच्या प्रवेशदारापर्यंत बॅगांसकट पंधरा मिनिटं वेगळी ठेवा.

---

घाटकोपरवासी

फारच उपयोगी. जगन्नाथ शंकर शेठचा घोळ तर लक्षातच आला नसता. अजून दोन विचारतो. पाच मिनिटांऐवजी तीन मिनिटांनी गाडी का सोडत नाहीत? आणि गाडी मधूनच परत फिरते का? पहिल्या वर्षी ती बीकेसीपर्यंतच जायची, मग वरळीपर्यंत.

---

रूळमित्र

तेव्हा मार्गच तेवढा सुरू झाला होता. ७ ऑक्टोबर २०२४ पासून आरे-बीकेसी, १० मे २०२५ पासून आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ९ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड. या टप्प्यांमुळे एक गोष्ट सिद्ध झाली: बीकेसीला आणि आचार्य अत्रे चौकाला गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घेऊन परत फिरवता येते. म्हणजे तिथे क्रॉसओव्हर आहेत. आज ठरलेली धाव टोक ते टोक असली तरी काही अडलं की अशी ठिकाणं कामाला येतात. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्टेशनात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी शिरलं, तेव्हा ते स्टेशन बंद करून गाड्या वरळीपर्यंतच चालवल्या होत्या. सगळी लाइन बंद पडली नाही, हे महत्त्वाचं. म्हणून पावसाळ्यात चढण्याआधी फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाचायची सवय ठेवा, रोजची गाडी असली तरी.

आता तीन मिनिटांचं. अडचण सिग्नलची नाही, सिग्नल याहून कमी अंतर पेलू शकतो. अडचण गाड्यांच्या संख्येची आहे. एक गाडी आरेहून निघून कफ परेडला जाऊन परत आरेला येईपर्यंत किती वेळ? जायची ५६ मिनिटं धरा, यायची ५६, दोन्ही टोकांना मोटरमनने केबिन बदलून गाडी पुन्हा तयार व्हायला चार-चार. १२० मिनिटं झाली. पाच मिनिटांना एक गाडी हवी तर १२० भागिले ५, म्हणजे २४ गाड्या एकाच वेळी रुळावर. चार मिनिटांना ३०. तीन मिनिटांना ४०. या लाइनसाठी आठ डब्यांच्या गाड्या आहेत ३१. त्यातल्या काही रोज देखभालीला आत राहणार, एक-दोन ऐनवेळी लागल्या तर म्हणून तयार ठेवायच्या. ३० च्या ३० बाहेर काढल्या तर एक गाडी बिघडली की वेळापत्रकाला भोक पडलं.

मधला मार्ग म्हणजे गर्दीच्या अर्ध्या भागात जादा फेऱ्या. आरे-बीकेसी २२ मिनिटं, येणं-जाणं आणि वळणं धरून ५२. दर दहा मिनिटांनी एक जादा गाडी घालायची तर सहा गाड्या लागतात. २४ आणि ६, पुन्हा ३०. शिवाय ती जादा गाडी बीकेसीला रिकामी करून फिरवेपर्यंत मागच्या कफ परेड गाडीच्या वाटेत येता कामा नये. आणि दादरला जायचं असलेला माणूस पाटी न वाचता त्यात चढला की बीकेसीच्या फलाटावर अडकला. कागदावर छान दिसणाऱ्या अर्ध्या फेऱ्या याच कारणांमुळे जपून वापरतात. माझं स्पष्ट मत: गाड्या वाढेपर्यंत पाच मिनिटांची काटेकोर, न चुकणारी सेवा हीच प्रवाशाच्या जास्त कामाची आहे.

---

मरोळकर

काटेकोरपणाचा विषय निघालाच आहे तर दारांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण लोकलची सवय इथे नडते.

फलाटाच्या कडेला जमिनीपासून वरपर्यंत काचेची दारं आहेत. गाडीचं दार आणि फलाटाचं दार समोरासमोर येऊन दोन्ही एकदम उघडतात, एकदम मिटतात. दोन्ही रांगांमधलं प्रत्येक दार घट्ट बंद झाल्याची खूण यंत्रणेला मिळाल्याशिवाय गाडी हलतच नाही. आठ डब्यांच्या सगळ्या दारांत एका ठिकाणी बॅगेचा पट्टा अडकला की तेवढ्यासाठी अख्खी गाडी उभी. दार पुन्हा उघडतं, पुन्हा मिटतं, पंधरा-वीस सेकंद गेले. तेवढ्यात पुढच्या स्टेशनावर आणखी माणसं जमली, तिथे चढायला आणखी वेळ लागला. अशी चार-पाच स्टेशनं झाली की ही गाडी भरगच्च आणि दोन मिनिटं मागे, तिच्या पाठची गाडी मोकळी आणि जवळ आलेली. गाड्या जोडीने येऊ लागल्या की समजा, मागे कुठेतरी कोणी दार धरलं होतं. सूचनेचा आवाज सुरू झाला की थांबा. पुढची गाडी पाच मिनिटांत आहे.

आणखी एक. कधी गाडी स्टेशनात दार उघडं ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहते, तेव्हा लोक अस्वस्थ होतात. पुढे अडथळा असेल तर गाडी बोगद्यात थांबवण्यापेक्षा फलाटाला थांबवणं केव्हाही चांगलं. धूर झाला, वीज गेली तर माणसांना फलाटावरून लगेच बाहेर काढता येतं आणि बोगद्यातली हवा कोणत्या दिशेने ढकलायची हेही ठरवणं सोपं जातं. ती थांबलेली गाडी तुमच्या सुरक्षेसाठीच थांबलेली असते.

---

फोर्टवाली

नावांवरून होणाऱ्या आणखी काही चुका लिहून ठेवते, नव्या माणसांच्या कामी येतील.

वरळी नाक्याला जायचं असेल तर "वरळी" स्टेशनला उतरू नका. आचार्य अत्रे चौक म्हणजेच वरळी नाका. दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेला गोखले रोडच्या बाजूला आहे, रेल्वे स्टेशनच्या पुलाखाली नाही. लोकल बदलायची तर फुलबाजाराची गर्दी धरून दहा-बारा मिनिटं चालणं आहे. सांताक्रूझ मेट्रो हायवेच्या बाजूला, तिथून सांताक्रूझ लोकल स्टेशनला रिक्षाच करावी. महालक्ष्मी मेट्रोवरून महालक्ष्मीचं देऊळ पायी गाठायचा बेत वयस्कर माणसांसोबत करू नका. सिद्धिविनायक मात्र खरोखर देवळाच्या जवळ आहे. मंगळवारी, त्यातून अंगारकीला, तिथे चढणाऱ्यांची रांग तिकीट मजल्यापर्यंत येऊ शकते, तेव्हा परतताना दादर किंवा वरळीला चालत गेलेलं सोयीचं.

लोकल आणि मेट्रो बदलायला चर्चगेट आणि सीएसएमटी सगळ्यात सोपी. सीएसएमटीला मेट्रो आझाद मैदानाच्या बाजूला आहे, तिथे भुयारी वाटेने गेलात तर रस्ता ओलांडावा लागत नाही. घाटकोपरवासी, मंत्रालयाकडून संध्याकाळी परतताना विधान भवनला चढाल तेव्हा कफ परेडहून येणारी गाडी बऱ्यापैकी मोकळी असते. चर्चगेट आणि हुतात्मा चौकाला ती भरते. दोन-तीन स्टेशनांचाच प्रवास असल्यामुळे आत खोल शिरू नका, दाराजवळच राहा, आणि दार कोणत्या बाजूला उघडणार याची घोषणा ऐका.

---

घाटकोपरवासी

सोमवारपासून सीएसएमटी मार्गे सुरू करतो, एनसीएमसी कार्ड आजच घेतो. वडिलांसाठी कागदावर लिहिलं आहे: "जगन्नाथ शंकर शेठ मेट्रो (मुंबई सेंट्रल), आरे जेव्हीएलआर गाडी, मरोळ नाका, पंधरावं स्टेशन, दोन लिफ्ट." बरोबर आहे ना?

---

फोर्टवाली

बरोबर. खाली एक ओळ वाढवा: "टी२ नंतर लगेच पुढचं." टी२ ची घोषणा झाली की त्यांनी सामान हातात घेऊन दाराकडे सरकायला सुरुवात करायची.